नाका, तह आणि मोबाइल : आजऱ्याच्या काजूची सरहद्द

एप्रिल-मे महिन्यांत आजऱ्याच्या बाजारात काजू बी घेऊन गेले, की भाव सांगण्याआधी व्यापारी खिशातून मोबाइल काढतो. माझी स्वतःची थोडी झाडे आहेत. दरवर्षी एक-दोन पोती बी विकायला नेतो, म्हणून हा अनुभव ऐकीव नाही. 'काका, आफ्रिकेचं मार्केट पडलंय. मेसेज आलाय, बघा की,' असे म्हणून तो मोबाइल माझ्यासमोर धरतो. त्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलरमधले आकडे आणि कुठल्याशा बंदराचे नाव असते. एका वर्षी माझ्या मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याने मान पुढे काढून विचारले, 'आफ्रिकेचा आणि आमच्या बीचा काय संबंध हो?' व्यापारी हसला आणि त्याने वजनकाट्याकडे बोट दाखवले.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आजऱ्याचा माल सरहद्दी ओलांडून जातो आणि बाहेरचा माल सरहद्दी ओलांडून आजऱ्यात येतो, ही गोष्ट नवी नाही. नवे आहे ते सरहद्द ओलांडण्याचे साधन. बैलाच्या पाठीवरून ते रेल्वेत गेले, तारेत गेले आणि आता मोबाइलमध्ये आले. प्रत्येक साधनाच्या वेळी 'आता बाजार एक होणार' असे सांगितले गेले, आणि प्रत्येक वेळी तो काही प्रमाणात एक झालाही. पण त्या एक झालेल्या बाजारात कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हे दर वेळी वेगळे तपासावे लागते. तेवढाच प्रयत्न या लेखात केला आहे.

चार अमलांचा रस्ता

आज संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत बांद्याला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. गाडी कुठेही न थांबता गोव्याच्या हद्दीत शिरते. एकोणिसाव्या शतकात हाच टापू ओलांडायचा, तर किमान चार अंमल ओलांडावे लागत. संकेश्वर ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात. गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात. आजरा घोरपड्यांच्या इचलकरंजी जहागिरीत, आणि ती जहागीर कोल्हापूरची मांडलिक. घाट उतरला की सावंतवाडी संस्थान, आणि बांद्यापलीकडे पोर्तुगीज राज्य. शेजारचे चंदगड तर 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होते. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत ते कोल्हापूर जिल्ह्यात आले.

या वाटेने लमाणांचे तांडे आणि बैलगाड्या जात. वरून तांदूळ, गूळ, मिरची खाली उतरे. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. यांत मीठ सर्वांत महत्त्वाचे. घाटमाथ्यावर मीठ पिकत नाही आणि मिठावाचून माणसाचे व गुरांचे चालत नाही. त्यामुळे मिठावर कर बसवणाऱ्याच्या हातात घाटमाथ्याची नाडी असे.

पैशाची सोय हुंडीवर चाले. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या दिवशी मिळत. रोकड घेऊन घाट उतरण्याची जोखीम त्यामुळे टळे. एका पेढीवर भरलेली रक्कम दुसऱ्या गावच्या पेढीवर मिळे, कारण दोन्ही पेढ्या एकमेकींना ओळखत. आपण आज क्यूआर कोडसमोर मोबाइल धरतो तेव्हा साधारण हेच घडते. ओळख ठेवणारी यंत्रणा तेवढी बदलली. एक फरक मात्र मोठा आहे. हुंडी व्यापाऱ्याच्या हाती होती, कुळाच्या हाती नव्हती. आज यूपीआय भाजीवालीच्या हातातही आहे.

1878 चा तह

नाके उठवून बाजार एक करण्याचा प्रयोग या प्रदेशाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पाहिला आहे. आपल्याकडे त्याची आठवण फारशी उरलेली नाही. 26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि 1880 च्या जानेवारीपासून तो अमलात आला. त्याची मुदत बारा वर्षांची होती.

या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली. समुद्रमार्गे बाहेरून येणाऱ्या मालावर दोन्हीकडे सारखाच कर ठरला. नाणीही जुळवली गेली : 1881 ची पोर्तुगीज 'रुपिया' कलकत्त्याच्या टांकसाळीत, ब्रिटिश रुपयाच्याच वजनाची व कसाची पाडली गेली. मार्मागोवा बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे बांधायचे ठरले. त्यासाठी 1881 मध्ये कंपनी उभी राहिली आणि 1888 पर्यंत मार्ग पूर्ण झाला. आजच्या भाषेत सांगायचे, तर जकात संघ, जुळवलेले चलन आणि दळणवळण ही तिन्ही अंगे त्यात होती. आर्थिक एकात्मतेची आजची पाठ्यपुस्तकेही याहून फार वेगळे काही सांगत नाहीत.

मग बिघडले कुठे? मिठात आणि दारूत. तहानुसार गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिश सरकारचे नियंत्रण आले, कारण गोव्याचे स्वस्त मीठ घाट चढून आले असते तर ब्रिटिशांचा मीठकर बुडाला असता. दारूसाठी ब्रिटिश पद्धतीची अबकारी व्यवस्था गोव्यात आणली गेली. या बदल्यात गोवा सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळायचे ठरले. ते सरकारच्या तिजोरीत जमा झाले. झळ बसली ती मिठागरवाल्यांना आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांना. मुदत संपल्यावर तहाचे नूतनीकरण झाले नाही, आणि 14 जानेवारी 1892 रोजी तो संपला. जकातीच्या चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या.

हा तह वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तहात रेल्वेचा विचार होता, नाण्यांचा होता, दोन्ही सरकारांच्या उत्पन्नाचा होता. मीठ पिकवणाऱ्याला काय मिळणार, हा विचार मात्र कुठेच नव्हता. बाजार एक झाला तो वरच्या बाजूने.

पुढची सत्तर वर्षे ही सरहद्द कधी सैल तर कधी घट्ट होत राहिली. भारत स्वतंत्र झाल्यावर ती सर्वांत घट्ट झाली. गोवामुक्तीच्या लढ्याच्या काळात भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि 1955 मध्ये रेल्वे वाहतूकही थांबली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि देशादेशांतली सरहद्द पुसली गेली. उरली ती राज्याराज्यांतली. तिचेही नाके होतेच.

नाके उठले, कागद राहिला

ट्रक चालवलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, तो कोगनोळीच्या रांगांच्या गोष्टी सांगेल. विक्रीकराच्या आणि नंतर व्हॅटच्या काळात राज्याच्या हद्दीवर गाडी थांबवायची, कागदांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, शिक्का पडेपर्यंत ताटकळायचे. नाशवंत माल असेल, तर त्या रांगेतच निम्मा नफा सुके.

1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पहिल्या तीन दिवसांतच 22 राज्यांनी आपले विक्रीकराचे नाके उठवले. त्यांत महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा ही आपली तिन्ही शेजारी राज्ये होती. नाक्याची जागा घेतली ई-वे बिलाने. 1 एप्रिल 2018 पासून 50 हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी ते सक्तीचे झाले. माल कोणाचा, कोणाकडे चालला, किती किमतीचा, कोणत्या गाडीतून, ही माहिती संकेतस्थळावर भरायची. बारा आकडी क्रमांक मिळतो. तो चालकाच्या मोबाइलवर असला की पुरे. तपासणी होते, पण ती वाटेत कुठेही आणि निवडक गाड्यांची. फेब्रुवारी 2021 पासून टोलसाठी फास्टॅगही सक्तीचा झाला.

आजऱ्याच्या काजू कारखानदाराला याचा उघड फायदा झाला. सोललेला काजूगर बेळगाव, गोवा, हैदराबादला पाठवताना पूर्वी जी अनिश्चितता होती ती गेली. परराज्यातला नवा गिऱ्हाईक आधी पैसे बँकेत जमा करतो, मग माल निघतो. महिना-महिना उधारी वसूल करत फिरणे कमी झाले. लहान कारखान्यांना, विशेषतः बचत गटांच्या घरगुती युनिटांना, पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक थेट मिळू लागले ते मोबाइलमुळेच. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण सगळेच नाके गेले असे समजू नये. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्काचा तपासणी नाका आजही आहे, कारण माणसाच्या पिण्याची दारू वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवली गेली. प्रत्येक राज्याचा तिच्यावरचा कर वेगळा. गोव्याची स्वस्त दारू आंबोलीमार्गे वर आणताना पकडल्याच्या बातम्या आपल्याकडे नेहमी येतात. 1878 च्या तहात ज्या दोन गोष्टींवर घोडे अडले, त्यांतली एक आजही सरहद्दीवर उभी आहे. यात काजूचाही वाटा आहे. गोव्यात काजूच्या बोंडांची फेणी होते. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. घाटावर आमच्या बागांत तीच बोंडे बी पिळून काढल्यावर झाडाखाली कुजतात. झाड तेच, हंगाम तोच, कायदा वेगळा.

आता शेतकऱ्याकडे येऊ. नव्या व्यवस्थेत तो कुठे आहे? शेतकऱ्याकडून न सोललेली काजू बी विकत घेतली, तर तिच्यावरचा कर शेतकऱ्याने नव्हे, नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असतो. शेतकऱ्याला नोंदणीच्या कटकटीतून सोडवण्यासाठी ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. तिचा एक परिणाम मात्र असा, की कागदावर बीचा प्रवास खरेदीदारापासून सुरू होतो. ई-वे बिलात गाडीचा क्रमांक असतो, झाडाचा नसतो. आजऱ्याची बी एकदा पोत्यात पडली, की ती वेंगुर्ल्याची, चंदगडची की आफ्रिकेची, हे सांगणारे काही तिच्याबरोबर जात नाही.

आफ्रिकेचा संबंध

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. त्यांचा 'काजू' हा शब्दही ब्राझीलच्या तुपी भाषेतून आलेला. त्यांनीच तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिकला नेला. म्हणजे आजरा आणि आफ्रिका यांचा संबंध एकाच जहाजवाटेने जोडलेला आहे.

आज जगातली निम्म्याहून अधिक काजू बी आफ्रिकेत पिकते. सर्वांत मोठा उत्पादक आयव्हरी कोस्ट. सोलण्याचे कारखाने मात्र मुख्यतः भारतात आणि व्हिएतनाममध्ये. भारतातल्या कारखान्यांना देशातली बी पुरत नाही, म्हणून टांझानिया, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ येथून ती मंगळूर, तुतिकोरिनसारख्या बंदरांत उतरते. टांझानियाचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी, पश्चिम आफ्रिकेचा साधारण फेब्रुवारी ते जून. आमची बी मार्चमध्ये बाजारात येते तेव्हा टांझानियाची बी गोदामात असते आणि पश्चिम आफ्रिकेची वाटेवर. भाव ठरतो तो डॉलरच्या दराने, जहाजाच्या भाड्याने आणि उताऱ्याने, म्हणजे 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो त्याने. त्यात आयात शुल्कही आले. 2018 च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचे शुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आणले गेले. कारखाने चालावेत म्हणून हा निर्णय झाला, पण तेवढ्याने बाहेरची बी आमच्या बीच्या आणखी जवळ आली. मागे उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर.

उरलेले अर्धे उत्तर आफ्रिकेत शोधावे लागते. तिथल्या काजू पट्ट्याची स्थिती आपल्या जुन्या चार अमलांच्या रस्त्यासारखीच आहे. वसाहतवाल्यांनी आखलेल्या सरहद्दी, एकाच जमातीची माणसे दोन्हीकडे, चलने वेगळी आणि रस्त्यांवर नाकेच नाके. घानामध्ये सेडी चालते, तर शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये फ्रँक. ज्या देशात भाव जास्त, तिकडे बी रातोरात सरकते.

यावर उपाय म्हणून डिजिटल साधने आली. 'एनकालो' नावाची सेवा पश्चिम आफ्रिकेतल्या काजू शेतकऱ्यांना मोबाइल संदेशावर भाव आणि बाजाराचा अंदाज कळवते : आता विका, किंवा थोडे थांबा. केनियात 2007 मध्ये सुरू झालेल्या 'एम-पेसा'ने बँकेत खाते नसलेल्या माणसाला साध्या फोनवरून पैसे पाठवायला शिकवले. आफ्रिकी देशांनी 21 मार्च 2018 रोजी किगालीत मुक्त व्यापार क्षेत्राचा करार केला. जानेवारी 2021 पासून त्याखाली व्यापार सुरू झाल्याचे जाहीर झाले. जानेवारी 2022 मध्ये घानाची राजधानी अक्रा येथे 'पॅप्स' ही पैसे पाठवण्याची यंत्रणा सुरू झाली. शेजारच्या देशातल्या व्यापाऱ्याला पैसे देताना मधे डॉलर घ्यावा लागू नये, आपापल्या चलनात व्यवहार व्हावा, हा तिचा हेतू. कलकत्त्याच्या टांकसाळीत पडलेल्या रुपियाचेही तेच काम होते.

यांतला सर्वांत बोलका धडा मला टांझानियाचा वाटतो. तिथे काजूसाठी गोदाम पावतीची पद्धत आहे. शेतकरी आपली बी सहकारी संस्थेमार्फत गोदामात ठेवतो, प्रत आणि वजन ठरते, पावती मिळते, मग एकत्र झालेल्या मालाचा लिलाव होतो. अलीकडे हे लिलाव ऑनलाइन होऊ लागले आहेत. या पद्धतीबद्दल तक्रारी आहेत. पैसे उशिरा मिळतात, ही मुख्य. पण लिलावात मोबाइल पाहणारा मुंबई-मंगळूरचा खरेदीदार आणि गावातला शेतकरी यांच्यामध्ये एक गोदाम, एक वजन आणि एक पावती उभी असते. आपल्याकडे भाव कळतो, पण थांबता येत नाही. हातातली बी पावसाच्या आत विकावीच लागते, कारण ठेवायला जागा नाही आणि मुलाची फी जूनमध्ये भरायची असते.

बेनिनने याहून कडक मार्ग घेतला. एप्रिल 2024 पासून त्यांनी कच्च्या बीची निर्यातच बंद केली. बी देशात सोला आणि गर विका, असे धोरण. तिथे कारखाने उभे राहिले, तर आमच्या कारखान्यांना बी कमी पडेल. मग आजऱ्याच्या बीला भाव चढेल की आमच्याच सोलणाऱ्या बायांच्या हातचे काम जाईल? दोन्ही होऊ शकते. बाजार एक होतो तेव्हा दूरच्या एका निर्णयाचे दोन परिणाम एकाच गावात, कधी एकाच घरात येऊन पोचतात. बाग नवऱ्याच्या नावावर आणि बायको कारखान्यात सोलायला, अशी घरे आमच्याकडे कमी नाहीत.

पावतीवर नाव

तंत्रज्ञानाने काहीच बदलले नाही, असे माझे म्हणणे नाही. नाके उठले, पैसा सुरक्षित आणि झटपट पोचू लागला, लहान कारखानदाराला दूरचे गिऱ्हाईक मिळाले. यातले एकही पाऊल मागे घ्यावे असे मला वाटत नाही. पण 1878 चा तह आणि आजचा मोबाइल शेजारी ठेवून पाहिले, की एक साम्य दिसते. सरहद्द ज्यांच्या कागदाने ओलांडली जाते, फायदा त्यांच्यापर्यंत आधी पोचतो. रेंदेराचे नाव त्या तहात नव्हते. आजऱ्याच्या बी पिकवणाऱ्याचे नाव आजच्या बिलात नाही.

ते येण्यासाठी लागणारी साधने आपल्याकडे तयार आहेत. गोदामांच्या नियमनाचा कायदा 2007 चा. 2017 पासून इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती निघते आणि तिच्यावर बँकेकडून कर्ज घेता येते. ई-नाम ही ऑनलाइन बाजार व्यवस्था 2016 पासून आहे. राज्याच्या काजू विकास योजनेत कोकणाबरोबर आजरा आणि चंदगड हे दोन तालुके घेतले गेले आहेत. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आमच्या मातीचे नाव पहिल्यांदा मालाच्या पिशवीवर अधिकृतपणे आले. काजूसाठी पहिली गरज साधी आहे : तालुक्यात बी कोरडी राहील असे गोदाम, उतारा शेतकऱ्यासमोर काढून दाखवणारा माणूस आणि त्याच्या नावाची पावती. मोबाइलचे काम त्यानंतर सुरू होते.

गेल्या मे महिन्यात त्याच वजनकाट्यावर मी व्यापाऱ्याला म्हटले, 'माझ्या बीचा उतारा काढून दाखवा, मग आफ्रिकेचा भाव सांगा.' त्याने मूठभर बी अडकित्त्याने कापली. गर भरदार निघाला. त्याने किलोमागे थोडे वाढवून दिले. मागे उभे असलेले दोघे-तिघे शेतकरी ते पाहत होते. त्यांतला एक पुढे आला आणि म्हणाला, 'माझीपण कापून बघा.'